तोट्याची वही



गेल्या जिल्हा बैठकीत जेवणाच्या पंगतीत एका पोराने आम्हाला विचारले, "काका, बारावी झाली. नोकरी नाही. नुसत्या शेतीवर कोणी पोरगी देत नाही. बाप म्हणतो, काहीतरी धंदा कर. धंदा शिकवतात कुठे?" पंगतीत हशा पिकला. थोड्या वेळाने तो थांबला आणि सगळे खाली पाहून जेवू लागले. बाजाराचे स्वातंत्र्य पाहिजे म्हणून आम्ही इतकी वर्षे मोर्चे काढले, रस्ते अडवले, लाठ्या खाल्ल्या. पण ते मिळाल्यावर बाजारात उभे कसे राहायचे, याचे उत्तर त्या पंगतीत कोणाजवळ नव्हते. आमच्याजवळही नव्हते. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

उद्योजकता शिबिरे होतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तीन दिवस, एक फाईल, एक पेन, दुपारचे जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र. शिकवणारा साहेब पगारी असतो. महिन्याच्या एक तारखेला त्याचा पगार बँकेत पडतो, आणि तो आमच्या पोरांना जोखीम कशी घ्यावी ते फळ्यावर लिहून देतो. विहिरीच्या काठावर बसून पोहणे शिकवावे, तशातली ही गत. तरी पोरे जातात, कारण कर्जाच्या अर्जाला ते प्रमाणपत्र जोडावे लागते.

शेतकऱ्याला धंदा कळत नाही, हे बोलणे ऐकून ऐकून आपल्यालाही खरे वाटू लागले आहे. पण जरा लहानपण आठवा. वेचणीच्या दिवसांत ओंजळभर कापूस खिशात घालून आपण गावच्या दुकानात गेलो नाही काय? दुकानदार तो तराजूत टाकून शेव-रेवड्या द्यायचा. शेव कमी दिली तर दुसऱ्या दिवशी आपण पलीकडच्या दुकानात जायचो. बांधावरची बोरे शाळेच्या फाटकाशी मापाने विकली, हुरड्याची कणसे रस्त्यावर उभे राहून मोटारवाल्यांना दिली, दिवाळीत एकाने फटाक्यांची पुडकी फोडून सुटे फटाके विकले. आठवडी बाजारात शेळी विकायला नेणाऱ्या आपल्या आयांना गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून भाव कळायचा. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून हजारोंचे सौदे आपलेच आजे करत होते. धंद्याची बालवाडी गावात होतीच. पुढच्या इयत्ता तेवढ्या बंद केल्या गेल्या.

त्या कोणी बंद केल्या, ते सांगायलाच हवे. ज्वारीवर लेव्ही बसली. पिकवायची आपण, भाव लावायचा सरकारने. कापसाचा एकाधिकार खरेदीचा कायदा १९७१ साली झाला, १९७२ च्या हंगामापासून लागू झाला आणि तीस वर्षे टिकला. २००२ साली खासगी व्यापाऱ्याला रीतसर खरेदीची मोकळीक मिळेपर्यंत महाराष्ट्रातल्या कापूसवाल्याने गाडी घेऊन केंद्रावर रांग लावायची, ग्रेडर सांगेल ती प्रत मान्य करायची आणि चुकाऱ्याची वाट पाहायची, एवढाच त्याचा व्यापार. सरहद्दीपलीकडे चार पैसे जास्त मिळतात म्हणून कापूस नेला तर तो गुन्हा. तीस वर्षे म्हणजे एक पूर्ण पिढी. या पिढीने कापूस पिकवला, पण विकला नाही, नुसता घातला. आपल्या बोलीत अजूनही "कापूस घातला" असेच म्हणतात, ते उगीच नाही. ज्याने विकलेच नाही तो विकण्यात चुकणार कधी? आणि चुकलाच नाही तर शिकणार कधी?

आता आमची स्वतःची चूक सांगतो. दुसऱ्याच्या चुकांवर अग्रलेख लिहिणे सोपे असते.

२०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारीला एकदम मान आला. शहरातली डॉक्टर मंडळी भाकरी खा म्हणून सांगू लागली. आम्ही बारा जणांनी ठरवले, ज्वारी आडतीवर घालायची नाही, पीठ करून पुण्याला पाठवायचे. दर माणशी पाच हजार, असे साठ हजार जमले. मालदांडी ज्वारी आपल्याच घरची, तीही भाव धरून हिशोबात घेतली. आठ क्विंटल एकदम दळली, कारण गिरणीवाला एकदम दळणाला किलोमागे कमी घेत होता. किलोची पाकिटे केली. पाकिटावर नऊवारीतल्या बाईचे चित्र. चित्र छापण्यावरून आमच्यात दोन बैठका झाल्या. पीठ किती दिवस टिकते, यावर एकही झाली नाही.

दुकानदारांनी माल ठेवून घेतला. खपेल तसे पैसे, या बोलीवर. पहिले पंधरा दिवस फोन चांगले येत होते. महिन्याने परतीचा माल येऊ लागला. भाकरी थापताना तुटते, तव्यावर टाकताना फाटते, चव कडवट लागते. निम्मे पीठ परत आले ते म्हशींपुढे गेले. साठ हजारांतले बावीस हजार हाती आले. बारांपैकी सहा जणांनी त्या दिवसापासून आमच्याशी बोलणे कमी केले, ते आजतागायत.

आम्हाला शहाणे केले ते पुण्यात खानावळ चालवणाऱ्या एका बाईने. मूळची आपल्याच कोरडवाहू मुलखातली. आम्ही तिच्याकडे पाकिटांचे पैसे मागायला गेलो होतो. तिने परातीत पीठ घेतले, आमच्यासमोर मळले, थापायला घेतले आणि मोडलेली भाकरी आमच्या हातावर ठेवली. म्हणाली, "भाऊ, पिठाची विरी गेली. तुमच्या घरच्या बाया महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवतात का हो?" ठेवत नाहीत. आठ दिवसांच्या वर कोणी दळत नाही. ही गोष्ट बाराही घरांतल्या बारा बायकांना पाठ होती. बाराजणांपैकी एकानेही घरी विचारले नव्हते! महिला आघाडीच्या व्यासपीठावरून आम्ही भाषणे करतो, त्या भाषणांची त्या दिवशी आम्हाला लाज वाटली.

बाईने पुढचा धडाही दिला. तिला पीठ नको होते. निवडलेली, वाळवलेली, खडा-कोंडा नसलेली एकसारखी ज्वारी हवी होती. दळण ती दोन दिवसांपुरते स्वतः करणार. पैसे दर सोमवारी, रोख. तिने ओळखीच्या आणखी दोन खानावळी दाखवल्या. आज उरलेले सहाजण त्यांना चाळलेली ज्वारी पोत्यांनी पुरवतात. फार मोठा धंदा नाही. पण आडतीच्या भावापेक्षा जास्त सुटते, आणि हमाली, तोलाई, कटतीच्या नावाने कोणी हात घालत नाही. अडतीस हजारांची ही फी झाली. शिबिराच्या प्रमाणपत्रापेक्षा महाग, पण धडा पक्का बसला.

यावर कोणी म्हणेल, शेतकऱ्यांचेच असे होते, उद्योगपती हुशार असतात. तसे नसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा आठवा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, तर रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. ती वाट बंद झाली. यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवू लागले. तिथे बढती हक्काची असताना दुसऱ्याला दिली, म्हणून नोकरी सोडली. १८८८ साली भावाबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल विकायची आणि ती चालवायला शिकवायचे वेगळे पैसे घ्यायचे, हा त्या घराण्याचा पहिला धंदा. मग कडबा कापायचे यंत्र, आणि १९०३ साली लोखंडी नांगर.

हा नांगर शेतकऱ्यांनी घेतलाच नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. आपण आज किर्लोस्करांचे नाव काढले की कारखाना डोळ्यांपुढे आणतो. ती दोन वर्षे कोणी डोळ्यांपुढे आणत नाही. लोखंडात पैसा अडकलेला, कारागिरांची मजुरी द्यायची, आणि माल अंगणात गंजत पडलेला. त्यात पुढे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. त्या वेळी हात दिला तो औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने माजलेला माळ त्यांनी दिला, कर्जही दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे गुरू दोन झाले. एक पंतप्रतिनिधी, ज्यांनी पडत्या काळात विश्वास टाकला. आणि दुसरा तो अनाम शेतकरी, ज्याने दोन वर्षे नांगर घेतला नाही. गिऱ्हाइकाची शंका खोटी असली तरी ती फेडल्याशिवाय माल खपत नाही, हे त्याने शिकवले. (जाता जाता एक. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारे जोतीराव फुले स्वतः ठेकेदारीच्या धंद्यात होते. सरकारी खात्यांत पैसा कुठे मुरतो हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.)

दुसरे उदाहरण आपल्याच कापसाच्या मुलखातले. जळगाव जिल्ह्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन. वकिलीची पदवी घेतलेली, सरकारी अधिकाऱ्याची नोकरी चालून आलेली, ती न घेता १९६३ साली घरच्या तीन पिढ्यांची साठलेली पुंजी, सात हजार रुपये, घालून रॉकेल विकायला सुरुवात केली. हातगाडीवर रॉकेल! आजच्या बारावी पास पोराला हातगाडी लावायला सांगून पाहा. पुढे शेतीला लागणाऱ्या मालाच्या एजन्सी घेतल्या, १९७८ साली केळीची भुकटी करणारा जुना कारखाना तीस लाखांना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले. मग पाईप, मग ठिबक.

इथपर्यंतची गोष्ट सत्काराच्या भाषणात सगळे सांगतात. आम्हाला पुढची जास्त मोलाची वाटते. १९९० च्या दशकात याच माणसाने वित्तव्यवसाय, संगणक, ग्रॅनाइट अशा धंद्यांत पैसा घातला. शेतीशी त्यांचा संबंध नव्हता. जबर तोटा आला. भागधारकांपुढे त्यांनी चूक जाहीर कबूल केली आणि पुन्हा शेतीकडे वळले. नंतरही कंपनी कर्जाच्या ओझ्यातून गेली, ते वेगळे. मुद्दा असा की ज्याला शेतकऱ्याची नाडी पाण्यासकट कळत होती, तोही नाडी न कळणाऱ्या धंद्यात बुडाला. आपल्यातला कोणी कापसाचे दोन पैसे आले की शहरात गाळा घेतो, मोबाईलचे दुकान काढतो आणि दोन वर्षांत कुलूप लावतो, त्याच्याकडे हसून पाहण्याआधी हे आठवावे.

आता कापूस. इथे आपले गुरू कोण, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला तेव्हा उत्तर अडचणीचे आले. ज्याच्यावर आपण सगळ्यात जास्त चिडतो, तो ग्रेडर. एका जिनिंगमध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या अशा एका म्हाताऱ्याला आम्ही मागच्या हंगामात ओट्यावर बोलावले. चहा दिला आणि म्हटले, बाबा, आता तुमची नोकरी संपली, आम्हाला कशात गंडवले ते सांगा. तो हसला. त्याने मूठभर कापूस घेतला, दाबला, सोडला. मूठ सोडताच कापूस फुलून वर आला तर कोरडा. दबून बसला तर ओल आहे. सरकी दाताखाली धरली. कट्ट वाजली तर वाळलेली. मग दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत रुई ओढून, पुन्हा जुळवून, पुन्हा ओढून तंतूची लांबी दाखवली. पाच मिनिटांत त्याने आमच्या पाच शेजाऱ्यांचा कापूस पाच ढिगांत लावला. आम्ही तो सगळा एका गाडीत भरून एका भावाने देत होतो.

खरी मेख त्याने शेवटी सांगितली. व्यापारी कापूस विकत घेतच नाही, तो रुई आणि सरकी विकत घेतो. शंभर किलो कापसात रुई तेहतीस किलो निघते की छत्तीस, यावर त्याचे सगळे गणित. याला ते उतारा म्हणतात. समजा रुई दीडशे रुपये किलो आहे आणि सरकी पस्तीस. एक किलो सरकीच्या जागी एक किलो रुई निघाली तर एकशे पंधरा रुपयांचा फरक पडतो. तीन किलोंचा फरक असेल तर क्विंटलमागे तीनशे पंचेचाळीस. वाण, वेचणी आणि जमीन यांनी हा फरक पडतो. आपल्याला मात्र चांगल्या-वाईटाचा भाव एकच मिळतो, कारण आपला उतारा आपल्याला ठाऊक नसतो. गाठ एकशे सत्तर किलोची असते. तिला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. हे किती जणांना माहीत होते? बैठकीत हात वर करायला सांगितले, तर चाळिसांत सात हात वर आले. आंदोलनात आपण भावासाठी रात्ररात्र घोषणा दिल्या. तो भाव नेमका कोणत्या वस्तूचा, हे त्यांतल्या तेहेतीस जणांना कोणी सांगितलेच नव्हते. यात त्यांचा दोष थोडा आणि आमचा जास्त.

त्यानंतर दोन गावांत किलोभर कापूस मोजून, हाताच्या रेच्यावर सरकी काढून, रुई वजन करून पाहिली. अजून भाव बदललेला नाही. पण खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याला एका बाईने "आमचा उतारा पस्तीसचा आहे" म्हटले, तेव्हा त्याने खुर्ची जरा पुढे ओढली, एवढे आम्ही पाहिले.

शरद जोशींनी १९९१ साली शेगावला चतुरंग शेती मांडली. सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या त्यांच्यापैकी किती जण माजघराच्या पुढे गेले? त्यांचा स्वतःचा वर्ग आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीवर भरला होता. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेला माणूस स्वतः शेती करून तोट्यात गेला, आणि तो तोटा झाकून न ठेवता त्याने त्याचा हिशोब मांडला. आपली सगळी चळवळ त्या हिशोबातून निघाली आहे. मग आपल्या कार्यकर्त्यांना धंद्यातला तोटा सांगायची लाज का वाटावी?

लाज वाटते, याचे कारण आपल्याकडे तोट्याचा अर्थच वेगळा आहे. कंपनी बुडाली तर मालकाची जबाबदारी भागभांडवलापुरती. २०१६ साली दिवाळखोरीची संहिता आली. मोठ्या कंपन्यांच्या कर्जातली मोठी रक्कम सोडून देऊन बँका बाहेर पडतात, आणि त्याला सुधारणा म्हणतात. त्याच संहितेतला साध्या माणसासाठीचा भाग मात्र अमलात आणलेला नाही. शेतकऱ्याने दालमिल काढली आणि ती बसली, तर सातबाऱ्यावर बोजा चढतो, जमीन गहाण असते, जामीन राहिलेला मेहुणा दार वाजवतो. असल्या जागी पडणे म्हणजे शिकणे कसे होणार? ते मरणच होते, आणि आपल्या गावांनी ते पाहिले आहे. म्हणून पोरांना आमचे सांगणे एवढेच, की पहिला धंदा जमिनीवर कर्ज काढून करू नका. कडब्याचा हंगाम आला की भाड्याचा टेम्पो करून दोन-चार शेकडा पेंढ्या दुधाच्या गावाला नेऊन विका. आईच्या हातचे बिबडे तालुक्याच्या चार दुकानांत ठेवून पाहा. बुडाले तर पाच हजार बुडावेत, पाच एकर नव्हे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांविषयी दोन शब्द. कायद्यात त्यांची सोय २००२ च्या दुरुस्तीने झाली. दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी होते, आणि जबाबदारी भागापुरती राहते. तोटा घरात शिरू नये यासाठी हे हत्यार चांगले आहे. २०२० साली केंद्राने दहा हजार कंपन्यांची योजना काढली, तेव्हापासून गावोगाव फलक लागले. आम्ही पाहिलेल्या कित्येक कंपन्यांत फलक आहे, शिक्का आहे, अनुदानाची फाईल आहे; माल नाही. खत-बियाण्याचे दुकान चालवणे हाच त्यांचा कारभार. अनुदान संपले की तेही बंद. ज्या कंपनीच्या संचालकांपैकी एकानेही आधी कधी पोतेभर माल स्वतः विकलेला नाही, तिच्यात पैसे घालताना विचार करावा.

पुढच्या जिल्हा बैठकीत भाषणे कमी ठेवायचे ठरले आहे. सकाळच्या वेळात प्रत्येक तालुक्यातून एकाने उठून आपला बुडालेला धंदा सांगायचा: किती घातले, किती आले, कुठे चुकले, कोणी सावरले. बुडवणाऱ्या माणसाचे नाव घ्यायचे नाही, हिशोब मात्र रुपयांत सांगायचा. पिठाचा हिशोब आम्ही स्वतः मांडू. बायकांनी मागे बसू नये. पहिले बोलणे त्यांचे आहे. निवृत्त ग्रेडरबाबा दुपारी येणार आहेत, तेव्हा ज्याने त्याने आपल्या शेतातला किलोभर कापूस पहिल्या आणि दुसऱ्या वेचणीचा वेगवेगळा बांधून आणावा, पिशवीवर वाणाचे नाव लिहावे. रेचा दोन ठिकाणांहून येतो आहे, तराजू आमच्याकडे आहे. पंगतीत प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराला आम्ही निरोप धाडला आहे. त्याने वही आणावी.